फडाचे पाणी

आमच्या शाळेत पिण्याच्या पाण्याचे चार नळ आहेत आणि मधल्या सुट्टीत त्या चार नळांवर सहाशे मुले तुटून पडतात. मोठी मुले पुढे घुसतात, लहान मुले तहानलेली वर्गात परत येतात. या प्रश्नावर गेल्या वर्षी आम्हा शिक्षकांच्या तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत प्रश्न गंभीर आहे यावर एकमत झाले. दुसरीत एक समिती नेमण्यात आली. तिसरीत समितीने मुदत मागून घेतली. चहा मात्र तिन्ही वेळा उत्तम होता. बोलणारा प्रत्येक जण शहाणपणाचे बोलत होता, मीही माझ्या परीने बोललो. आणि लहान मुले होती तशी तहानलेलीच राहिली.

पाच शहाणी माणसे एकत्र बसली म्हणजे शहाणपण पाचपट व्हावे अशी आपली भाबडी समजूत असते. प्रत्यक्षात ते पुष्कळदा एकाच्याही खाली उतरते. असे का व्हावे, हा प्रश्न डोक्यात घेऊन मी दिवाळीच्या सुट्टीत आजोळी गेलो आणि त्याचे उत्तर मला तिथल्या एका जुन्या पाटावर सापडले. वाचकहो, मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहिणारा मी एक शाळामास्तर. तेव्हा पंडितांनी रागावू नये. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या मंडळींना आपल्याच जिल्ह्यातली एक हकीकत सांगावी, एवढाच माझा हेतू आहे.

माझे आजोळ नाशिक जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बागलाणात, मोसम नदीच्या काठी आहे. पश्चिमेला साल्हेर-मुल्हेरचे डोंगर उभे. त्यांच्यातून मोसम आणि आरम या दोन नद्या उतरतात आणि पुढे गिरणेला मिळतात. हा मुलूख मोठा देखणा. अबुल फजलानेही ऐन-ए-अकबरीत इथल्या फळांची आठवण ठेवली आहे. मुल्हेरच्या गडावर पूर्वी बागुल राजे नांदत होते. १६३८ साली औरंगजेबाने हा प्रदेश मोगलाईत घेतला. १६७२ साली साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगल फौजेचा उघड्या मैदानात पराभव केला. १८१८ साली इंग्रज आले. १८६९ साली नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि खानदेशातले बागलाण त्याला जोडले गेले. एवढी राज्ये आली आणि गेली, पण नदीकाठच्या गावांत एक राज्य सुमारे तीन-चारशे वर्षे अखंड चालू राहिले. त्याला ना किल्ला होता, ना फौज. त्या राज्याचे नाव फड.

फड म्हटले की आपल्याला तमाशाचा नाहीतर कुस्तीचा फड आठवतो. हा फड शेतीचा. मोसम, आरम आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यातली पांझरा या नद्यांवर ठिकठिकाणी जुने दगडी बंधारे आहेत. नदीच्या पात्रात जिथे खडक लागतो तिथे दगडचुन्याची भिंत घालायची. ती पाणी साठवत नाही, फक्त थोडे उचलते आणि काठाच्या पाटात वळवते. त्या पाटाखाली जी जमीन भिजते तिला थळ म्हणतात. आणि या थळाचे जे तीन-चार मोठे भाग पाडतात, ते फड. एखादा फड दहा हेक्टरांचा, तर एखादा शे-दोनशे हेक्टरांचाही असतो.

इथवर यात नवल असे काही नाही. बंधारे जगभर आहेत. खरे नवल आहे ते पाण्याच्या वाटपात.

पहिला नियम असा की एका फडात एकच पीक. हंगामाच्या तोंडाशी गाव बसून ठरवणार की यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू, पलीकडच्यात एकहंगामी पीक. तुमचे शेत उसाच्या फडात आहे ना? मग तुम्ही ऊसच लावायचा. वरवर पाहता हा जुलूम वाटतो. पण उसाला वारंवार पाणी लागते, गव्हाला बेताचे. ऊस चार ठिकाणी विखुरला तर पाण्याला चार ठिकाणी धावावे लागणार आणि निम्मे पाणी वाटेतच मुरणार. सगळा ऊस एका जागी असला की पाणी एका दमात सगळ्या फडावरून फिरते. पुढल्या साली फडांची अदलाबदल होते. त्यामुळे जमिनीचा कस टिकतो आणि उसाचा फायदा कायम एकाच फडाच्या पदरात पडत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बहुतेक खातेदारांची जमीन एका जागी नसे. प्रत्येक फडात प्रत्येकाचा एक तुकडा असे. म्हणजे पाटाच्या शिराला जमीन असलेला आणि शेपटाला जमीन असलेला, हा पुष्कळदा एकच माणूस असे. शेपटाच्या शेताचे पाणी चोरायचे म्हणजे स्वतःचेच चोरायचे! न्यायाची आवड सर्वांनाच असते असे नाही, पण आपल्या तुकड्याची आवड सर्वांना असते. या व्यवस्थेने न्याय माणसांच्या चांगुलपणावर सोपवला नाही. तो तुकड्यांच्या मांडणीतच घालून ठेवला.

तिसरी गोष्ट म्हणजे पाण्याला हात कोणी लावायचा. तो शेतकऱ्याने लावायचा नाही. त्यासाठी गावाने नेमलेली माणसे असत. पाटाचे पाणी सोडणारा पाटकरी, ते वाफ्यावाफ्यात फिरवणारा बारेकरी, गुराढोरांपासून पिके राखणारा जागल्या आणि या सगळ्यांवर देखरेख ठेवणारा हवालदार. यांची मजुरी सगळ्या खातेदारांनी आपापल्या जमिनीच्या मानाने भरायची, बहुधा धान्याच्या रूपात. त्यामुळे पाटकरी हा कुणा एकाचा चाकर नसे. पाटलाच्या शेताला जेवढे पाणी, तेवढेच विधवेच्या शेताला. पाटाचा गाळ काढायचा झाला तर तोही जमिनीच्या मानानेच. ज्याची जमीन जास्त, त्याच्या घरची माणसे जास्त. आणि वरची देखरेख व भांडणांचा निवाडा गावातले पंच करीत.

आमच्या गावात अशा पाटकऱ्यांपैकी एक वृद्ध गृहस्थ अजून आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. लेकीचा मुलगा म्हणून मी गावाचा भाचा. त्यांच्या ओट्यावर बसून मी माझ्या बैठकांचे रडगाणे गायिले आणि विचारले,

"आबा, तुमच्या बैठकीत भांडणं होत नसत?"

"व्हायची की, भाचेबुवा! लई व्हायची. एकदा तर पागोटी उडाली. पण ती पाणी यायच्या आधी. एकदा पाणी पाटात आलं की तोंड बंद. मग जे ठरलं ते ठरलं."

"आणि कुणी ऐकलं नाही तर?"

"पहिल्यांदा हवालदार सांगायचा. मग पंच सांगायचे. मग दंड. लगेच कुणाच्या नरड्याला हात नाही घालायचा. उद्या त्याच्याच शेजारी शेत आहे ना आपलं?"

आबांचे हे चार शब्द माझ्या मनात घर करून राहिले. आमच्या शाळेतली भांडणे नेमकी उलट्या वेळी होतात. बैठकीत आम्ही सारे गोड बोलतो आणि घंटा वाजल्यावर नळापाशी एकमेकांच्या वर्गांना दोष देतो.

पण ही व्यवस्था म्हणजे रामराज्य होते असे मी म्हणणार नाही. तिची खरी परीक्षा पाणी भरपूर असताना होत नसे, ते आटले म्हणजे होई. माझी आई १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट सांगते, ती या बाबतीत ऐकण्यासारखी आहे. त्या साली मोसमची धार बारीक झाली. सगळे फड भिजणे शक्यच नव्हते. मारुतीच्या देवळात गाव बसले. उभ्या उसाचा फड सोडून द्यावा आणि असेल ते पाणी धान्याच्या फडाला द्यावे, असा विचार निघाला. माझ्या आजोबांचा सगळ्यात चांगला तुकडा त्या उसाच्या फडात होता. त्याच्या गुळावर मावशीचे लग्न ठरले होते. आजोबा त्या रात्री तासभर भांडले. अखेर हरले. घरी येऊन एक अक्षर न बोलता झोपले.

ऊस डोळ्यांदेखत वाळला. पण त्या फडात सगळ्यांचाच तुकडा होता, त्यामुळे वाळला तो सगळ्यांचाच. आणि जो फड वाचला त्यातही सगळ्यांचाच तुकडा होता, म्हणून मूठभर धान्य प्रत्येक घरात आले. मावशीचे लग्न एक वर्ष लांबले. आई म्हणते, "त्या साली गोडधोड कुणाच्याच घरी झालं नाही, पण चूलही कुणाची विझली नाही." आजोबांना तो निर्णय जन्मभर पटला नाही. तो मोडावा असे मात्र त्यांच्या मनात कधी आले नाही. एकत्र काम करणाऱ्या माणसांचे सगळे विचार जुळावे लागतात असे आपण समजतो. आजोबांचा विचार गावाशी जुळला नव्हता, तरी गावाचे काम अडले नाही. तोटा सारखा वाटला गेला, एवढे त्यांना पुरले.

इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेतून हे बंधारे सुटले नव्हते. १८८३ साली छापलेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरात त्यांची दखल आहे. त्याच सुमारास, १८८४ साली, पुण्याच्या महाविद्यालयातून इंजिनियर होऊन बाहेर पडलेला एक तरुण नाशिकला साहाय्यक इंजिनियर म्हणून रुजू झाला. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. सुरुवातीलाच त्याच्या वाट्याला जे काम आले ते पांझरेवरचे. साक्री भागात दातर्तीजवळ पाटाचे पाणी नदीच्या तळाखालून नळाने पलीकडे न्यायचे होते. पावसाळा सुरू झाला, पुराने काम वाळूखाली बुजवले. काम पावसाळ्यानंतर करावे असे त्याने वर कळवले. वरिष्ठांना ते रुचले नाही. तेव्हा त्याने तिथेच तळ ठोकून काम पुरे केले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी याच विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर गटवार पाणी देण्याची पद्धत सुरू केली. जमिनीचे गट पाडायचे, आणि गटात उसाची जागा पाळीपाळीने बदलायची. ती योजना वाचताना बागलाणातल्या माणसाला आपल्या फडाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

अशी व्यवस्था आपल्याकडेच होती असा अभिमान मात्र बाळगू नये. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला मोठ्या चर्चच्या दारात पाण्याचे न्यायालय भरते. न्यायाधीश म्हणजे पाटावरच्या शेतकऱ्यांनी निवडलेले शेतकरीच. तक्रार तोंडी, जबाब तोंडी, निकाल तिथल्या तिथे. कित्येक शतके हे चालले आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषींनी जगभरातल्या अशा गावांचा अभ्यास करून १९९० साली एक ग्रंथ लिहिला. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांच्या सांगण्याचे सार असे की, जे गट टिकले ते आपले नियम आपण करीत होते, आपली राखण आपण करीत होते, पहिल्या चुकीला हलका दंड ठेवीत होते, आणि भांडण मिटवायची जागा त्यांनी आपल्या दाराशीच ठेवली होती. आबांनी ओट्यावर बसून मला दुसरे काय सांगितले होते?

मग हे फडाचे राज्य आज का ओसरले? मोसमवर हरणबारीचे आणि आरमवर केळझरचे धरण झाले. नदीची धार धरणाच्या दारातून सुटणाऱ्या पाळीवर आली. विहिरी झाल्या, विजेचे पंप आले. ज्याच्या विहिरीला पाणी त्याला फडाची गरज उरली नाही. कांदा, द्राक्ष, डाळिंब यांनी घरात पैसा आणला, आणि ज्याला त्याला आपल्या मर्जीचे पीक हवेसे झाले. यात कुणाला दोष द्यावा? पैसा कुणाला नको असतो?

पण एक दोष मी आमच्याच घराला देतो. आजोबा गेल्यावर माझ्या दोन मामांनी वाटणी केली. प्रत्येक फडातला प्रत्येक तुकडा निम्मा करायचा म्हणजे फार बांध पडणार. म्हणून त्यांनी सुटसुटीत वाटणी केली. थोरल्या मामांनी शिराकडच्या फडातली सगळी जमीन घेतली, धाकट्यांनी शेपटाकडची. भांडण नको म्हणून केलेली ही वाटणी! पुढे पाणी कमी पडले त्या साली दोघे सख्खे भाऊ देवळातल्या बैठकीत समोरासमोर उभे राहिले. थोरल्यांना शिराचे पीक वाचवायचे होते, धाकट्यांना शेपटाचे. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर होते. ज्या गाठीने गाव बांधले गेले होते, ती आमच्या घराने सोयीसाठी सोडली. त्यानंतर दोघांनी आपापल्या विहिरी खणल्या. आज भाऊबीजेला माझी आई दोन घरी दोनदा ओवाळते.

या पाण्याच्या गोष्टीला दुसरी एक बाजू आहे, आणि तीही आपल्याच जिल्ह्यातली. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाडचे धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेपटाला ओझरचा परिसर येतो. कालवा होता, त्याखाली जमीनही होती. पाणी मात्र शेपटापर्यंत पोचत नव्हते. सरकार लांब आणि वरचे शेतकरी आधी, असा जो अनुभव सगळ्या कालव्यांवर येतो तोच इथे होता. मोर्चे काढता आले असते, अर्ज करता आले असते. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी वेगळा मार्ग धरला. आम्हाला पाणी मोजून द्या, आणि मग ते आमचे आम्ही वाटून घेऊ, असे त्यांनी मागितले. १९९१ च्या सुमारास तिथे महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर अशा तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या.

मोजून, या शब्दात सगळी किमया आहे. पूर्वी पाणीपट्टी पिकावर आणि क्षेत्रावर होती. मग पाणी जपून वापरण्यात कुणाचे काय हित? आता संस्थेला ठराविक घनफळ पाणी मिळू लागले. वाचवाल ते तुमचे, आणि पीक कोणते घ्यावे तेही तुमच्या मर्जीचे. पाणी सोडणारा माणूस संस्थेने नेमायचा, पट्टी संस्थेने गोळा करायची, भांडण संस्थेने मिटवायचे. शेतकऱ्यांनी ओढ्यांवर बंधारे घालून विहिरींचे पाणी वाढवले. हे पाहून वरची गावेही पुढे आली. संस्था चोवीस झाल्या, त्यांचा एक महासंघ झाला आणि सबंध प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती आला. २००५ साली महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी सिंचनाचे व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला, त्याच्या आधीची ही गोष्ट.

ओझरच्या मंडळींनी जुना फड पुन्हा उभा केला नाही. एका फडात एक पीक हा नियम आजच्या द्राक्षवाल्याला मानवणार नाही, हे त्यांनी ओळखले. पण फडाचा गाभा तिथे आहे. आधी मोजायचे, आधी भांडायचे, वाटणारा सगळ्यांचा ठेवायचा आणि तूट आली तर ती सगळ्यांवर बसवायची.

सुट्टी संपवून मी शाळेत परतलो. चौथी बैठक भरली. या वेळी मी भाषण केले नाही, फक्त आबांची गोष्ट सांगितली. मग आम्ही खरोखर भांडलो. वरच्या वर्गांचे शिक्षक म्हणाले, आमच्या मुलांचा तास बुडतो. खालच्या वर्गांच्या बाई म्हणाल्या, आमची मुले डबा कोरडा खातात. दोन तास गेले, चहा निवून गेला. शेवटी ठरले ते असे. पहिली पाच मिनिटे लहान वर्गांची. नळ सोडायला वरच्या वर्गातली दोन मुले, पाळीपाळीने, आणि त्यांनी पाणी सगळ्यांच्या शेवटी प्यायचे. नळापाशी रोज एक शिक्षक उभा. तक्रार असेल तर ती तिथेच, त्याच दिवशी मिटवायची. टाकीत पाणी कमी असेल त्या दिवशी सगळ्यांना अर्धाच पेला, शिक्षकांच्या खोलीतल्या माठालाही.

पहिल्या आठवड्यात दोनदा घोळ झाला. एका मुलाने आधी पाणी पिऊन घेतले, एक शिक्षक पाळी विसरले. ते विसरणारे शिक्षक मीच. तरी व्यवस्था चालली आहे.

मी आबांना फोनवर ही हकीकत कळवली. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले,

"उभं राहायच्या पाळीत हेडमास्तरांचं नाव आहे का?"

"आहे," मी म्हणालो. "दर सोमवारी."

"मग चालंल," आबा म्हणाले.